चारशे बारा दाखले

प्रिंटरमधून आलेले कागद आपलेच असं समजून तिने उचलले आणि वाचता वाचता तिथेच थबकली. कॅन्सर हॉस्पिटलच्या संशोधन विभागात रुजू होऊन तिला जेमतेम तीन आठवडे झाले होते. ती संख्याशास्त्राची. तेवढ्या दिवसांत नर्सेसनी तिचं ‘आकडेबाई’ असं बारसंही करून टाकलं होतं.

“दोनशे चौदा रुग्ण म्हणे,” ती पुटपुटली, “आणि तक्त्यात भरतात दोनशे एकवीस! या माणसाला साधी बेरीजही येत नाही?”

“येते हो...” मागून आवाज आला. “म्हणजे, आत्तापर्यंत तसा समज होता.”

ती गर्रकन वळली. उंच, किंचित वाकलेला, खिशावर शाईचा डाग, डोळ्यांत मात्र हसू. कॅन्सरचे डॉक्टर! तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

“सॉरी... मला वाटलं—”

“सॉरी कशाला? नऊ वर्षांत हे कोणी बघितलं नाही. मीसुद्धा. चला, चहा घेऊ. वाईट बातमी उपाशीपोटी ऐकायची नाही, असं मी रुग्णांनाही सांगतो.”

बातमी खरंच वाईट होती. तिच्या हातातले कागद म्हणजे सत्तरीपुढच्या रुग्णांना औषधाचा अर्धा डोस पुरतो, असं सांगणारा डॉक्टरांचा शोधनिबंध. जगभरातल्या चारशे बारा निबंधांनी त्याचा दाखला दिला होता. डॉक्टरांचं नाव झालं ते त्याच्यामुळेच, आणि पुढच्या महिन्यात विभागप्रमुखपदाची मुलाखत होती तीही त्याच्याच जोरावर.

मग रोज दुपारी दोघं रेकॉर्ड रूममध्ये बसू लागली. तो जुन्या फायली वाचायचा, ती खुणा करायची. बाहेर पावसाची रिपरिप, आत कागदांचा कुबट वास. मध्येच तो थांबायचा.

“या आजी इंजेक्शनला घाबरायच्या. मला गाणं म्हणायला लावायच्या.”

“आणि तुम्ही म्हणायचात?”

“एकदाच. नंतर त्या म्हणाल्या, इंजेक्शन परवडलं!”

ती इतकी हसली की तिची पेन्सिल टेबलाखाली गेली. दोघंही एकदमच वाकली. डोक्यावर डोकं आपटलं, आणि तो नुसता बघतच राहिला...

“पेन्सिल,” ती हळूच म्हणाली.

“हो... पेन्सिल.”

सहाव्या दिवशी घोळ सापडला. सात रुग्ण मध्ये गावी जाऊन परत आले होते. त्यांचे नवे केसपेपर निघाले आणि ते दोनदा मोजले गेले. सातही जण सत्तर ते पंचाहत्तरमधले, अर्ध्या डोसवर बरे झालेले. त्यांना एकेकदाच धरलं, तर पंचाहत्तरीपुढे निष्कर्ष टिकत होता. सत्तर ते पंचाहत्तरच्या रुग्णांना मात्र पूर्ण डोसच लागत होता.

डॉक्टरांनी चष्मा काढला. मग उठून हॉस्पिटलच्या संचालकांना फोन लावला.

“साहेब म्हणतात, मुलाखत होऊ दे, मग नियतकालिकाला कळव,” फोन ठेवून तो म्हणाला. “महिन्याने काय बिघडतं? तुम्ही काय केलं असतं?”

तिच्या ओठांवर उत्तर होतं. ते तिने गिळलं. “मी सांगितलं तर तुम्ही माझ्यासाठी कराल. तसं नको.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या टेबलावर पत्राचा मसुदा होता, नियतकालिकाच्या संपादकांना. आकडे तपासायला दिला होता. आकडे बरोबरच होते. तिने दोनदा वाचलं ते वेगळंच वाक्य: ‘ही चूक सर्वस्वी माझी आहे.’ ज्या मदतनिसांनी नोंदी केल्या होत्या त्यांचा नामोल्लेखही नव्हता. पत्र त्याच दिवशी गेलं.

विभागप्रमुखाची खुर्ची दुसऱ्याला मिळाली. “आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही,” त्याने हसत सांगितलं. “मग म्हणाली, ती बेरीजवाली मुलगी एकदा दाखव तरी.”

“रागावल्यात?”

“छे! मला पकडणारी कोणीतरी भेटली म्हणून खूश आहे.”

चार महिन्यांनी कँटीनमध्ये त्याने एक पत्र तिच्यासमोर ठेवलं. कुठल्याशा लहान दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंचं. दुरुस्ती वाचून त्यांनी बहात्तर वर्षांच्या एका शिंप्याला पूर्ण डोस सुरू केला होता. गाठ निम्म्याने कमी झाली होती.

“त्या दुरुस्तीला आत्तापर्यंत फक्त सहा दाखले मिळालेत,” तो म्हणाला. “पण माझं सगळ्यात चांगलं काम तेच. आणि ते... तुमच्यामुळे.”

तिचे डोळे भरून आले. ते लपवायला ती घाईघाईने म्हणाली, “अहो डॉक्टर, चहा निवतोय.”

“निवू दे. एक विचारू? ते ‘डॉक्टर’ काढून टाकता येईल?”

“मग मागे नुसतं ‘अहो’च उरेल की!” ती बोलून गेली... आणि आपण काय बोललो ते कळून लाजेने लाल झाली.

त्याने टेबलावरचा तिचा हात हलकेच हातात घेतला.

“मला चालेल,” तो म्हणाला. “तुला?”

तिने हात सोडवला नाही. खिडकीबाहेर बघत, अगदी हळू आवाजात ती म्हणाली,

“अहो... आईंना भेटायला कधी जायचं?”