रिकाम्या कोठीचा आकडा

दोष वामनरावाचा. माझा सख्खा काका आहे, तरी आधीच सांगून ठेवतो. कारण घरातले बाकीचे म्हातारे अजूनही उन्हाला दोष देतात.

डोणगावजवळ काकाचं सोयाबीनचं गोदाम आहे. कोठीतून दाणे ज्या पाइपाने खाली उतरतात, त्याला मी सेन्सर बसवला होता. पाइपाच्या दोन बाजूंना दोन पत्रे. मधून दाणे गेले की पत्र्यांची वीज धरण्याची ताकद बदलते आणि स्क्रीनवर प्रवाहाचा आकडा उमटतो. पत्रे तापले की आकडा उगाच चढतो, म्हणून तापमान पाहून तेवढा वजा करायचा. इंजिनिअरिंग मी दुसऱ्या वर्षी सोडलं, पण एवढं येतं.

मे महिना, भर दुपार. कोठी मार्चपासून रिकामी. आत फक्त धूळ आणि कुबट वास. हमाल निवृत्तीदादा झाडायला आत उतरणार होता. कमरेला दोरी बांधता बांधता त्याने स्क्रीन पाहिली.

"भाऊ, आत माल नाही ना? मंग हे काय वाहून राह्यलं?"

आकडा थोडा चढायचा, थांबायचा, पुन्हा चढायचा. मी पाइपाला कान लावला. आत सरसर... अगदी बारीक.

"गरमीनं होते ते," काका खुर्चीतूनच म्हणाला. "वजा कर."

"काका, गरमी पत्र्यांची धरा लागते. शेडमधी चव्वेचाळीस हाय, पण पत्रे सकाळपासून छत्तीसच दाखवून राह्यले. तापलेच नाहीत, तर चढते काऊन?"

"कॉलेजातून पळालेला मले शिकवते! शेडची गरमी टाक."

"अन् हा आत असताना खरंच काही सरकलं तर?"

"शून्य दिसलं की उतरते तो. तुले कायले ठेवलं बे इथं?"

मी चव्वेचाळीस टाकलं. आता जे चढेल ते सगळं यंत्र गरमीतच धरून वजा करणार होतं. आकडा शून्यावर आला.

"जमलं ना, इंजिनेर?" निवृत्तीदादा हसला. "तुमच्या भरवशावर चाललो."

तो उतरला. आतून झाडूचा आवाज येत होता. स्क्रीनवर शून्य. मग झाडू थांबला. दोरी ढिली पडली.

"दादा?... दादा?"

"बोंबलू नको," काका कुजबुजला. "लोक जमतीन..."

मी वजाबाकी काढून टाकली. भरल्या कोठीतही कधी पाहिला नव्हता इतका मोठा आकडा समोर होता. पाहता पाहता तो उतरला आणि थांबला.

दोरी ओढली. गाठ सुटली नव्हती. कमरेच्या मापाचा फास तसाच रिकामा वर आला. टॉर्च मारली. कोठी अर्धी झाडलेली, कोरडी. आत कुणी नव्हतं. पाइप माझ्या मांडीएवढा. त्यातून माणूस जात नाही. पाइपाच्या खालच्या तोंडाशी सोयाबीनचा ढीग पडला होता. ओले, हिरवे, कोवळे दाणे. मे महिन्यात, जेव्हा आमच्याकडे शेतात त्याचं एक रोपही नसतं.

"झाडून टाक," काका म्हणाला.

पोलिसांनी कोठी कापून पाहिली आणि 'बेपत्ता' लिहून घेतलं. निवृत्तीदादा चौतीस वर्षांचा होता. त्याचा जीव गेला.