किल्ली तयार आहे

कॉम्प्युटर प्रोग्रामिंगच्या क्लासमधल्या एकुलत्या एक रिकाम्या खुर्चीवर ती बसली, शेजारी पाहिलं, तर... कुलूपवाला. तिच्या औषधांच्या दुकानाच्या किल्लीची डुप्लिकेट बनवून स्वतःकडेच ठेवलेला.

"तुम्ही इथे?"

"शिकायला." मग तोच मधाळ आवाज – "तुमची किल्ली तयार आहे हं."

"महिनाभर तयारच आहे. देणार कधी?"

तो नुसता हसला. गालाला खळी पडली. खळ्यांवर तिचा विश्वास नव्हता.

"एक दिवस दुकान साफ करेल बघ," असं मावशीनं बजावल्यापासून तिची झोप उडाली होती. शेवटी तिनं नवं कुलूप घेतलं. त्याच्याकडूनच, जवळपास दुसरं दुकान नव्हतं.

"कुणाची भीती वाटते?" त्यानं काळजीनं विचारलं होतं.

"तुमची."

मग त्यानं आतून जास्त मजबूत कुलूप काढून दिलं होतं. हे तर फारच संशयास्पद.

तिनं मुकाट्यानं पेशंटच्या दिवसभराच्या गोळ्या मोजणारं फंक्शन, म्हणजे छोटासा प्रोग्राम, लिहिलं. पडद्यावर उत्तर झकास आलं. आठवड्याचा हिशोब काढायला त्याला सातानं गुणलं, तर कॉम्प्युटरनं हात वर केले.

मॅडम वाकून म्हणाल्या, "तुम्ही प्रिंट लिहिलंय. प्रिंट नुसतं सांगतं, हातात काही देत नाही. द्यायचं तर रिटर्न लिहा."

तिनं सावकाश मान वळवली. "ऐकलंत? तुम्ही प्रिंट आहात."

त्याचा चेहरा पडला. त्यानं खिशातून किल्ली काढली, तिच्या कीबोर्डवर ठेवली. किल्ली कोमट होती. नंतर क्लास सुटेपर्यंत तो चकार शब्द बोलला नाही.

जिन्यात तिला राहवलं नाही. "आता गप्प का?"

"रिटर्न केलं की फंक्शन तिथेच संपतं. पुढची ओळ चालतच नाही." तो पायरीकडे बघत होता. "म्हणून देत नव्हतो."

"पुढची ओळ काय होती?"

"तुम्ही... रोज किल्ली मागायला येता, ते मला आवडतं."

तिनं पर्समधून नव्या कुलपाची किल्ली काढून त्याच्या तळहातावर ठेवली. "हिची डुप्लिकेट हवी. घाई नाही."

त्यानं किल्लीवर मूठ मिटली.

"आणि संपलेलं फंक्शन पुन्हा कॉल करता येतं," ती म्हणाली. "नंबर आहे ना माझा?"

"पाठ आहे."

तिनं डोळे बारीक केले. "पाठ कशाला केलात?"

त्याच्या गालाला खळी तेवढी पडली... आणि तिनं ती रिटर्न समजून ठेवून घेतली.