तिकडं गारा हाये

"रात्री मासा डोळ्यांनी धरायचा नसतो, कानांनी धरायचा असतो," मावसाजी गळाच्या काठीच्या टोकाला बारीकसं घुंगरू बांधत म्हणाले. "घुंगरू वाजलं की दम धरायचा. पहिल्याच झटक्याला ओढलं की मासा गेला."

"आन मासा आलाच नाही तं?" दामिनीनं विचारलं.

"तर मुकाट्यानं घरी येऊन आईच्या कुरड्या खायच्या."

मोर्शीजवळच्या हिवरा गावात, ओट्यावर ही तयारी चालली होती. उन्हाळ्याची सुट्टी होती, आणि मावसाजी, म्हणजे अंकुर-दामिनीच्या मावशीचे यजमान ललितराव, मावशीला आणि मुलाला, पियुषला, घेऊन रत्नागिरीहून आले होते. माणूस मोठा हौशी. समुद्रकाठी रात्र रात्र गळ टाकून बसणारा. वऱ्हाडात येतानाही त्यांनी काठ्या, रीळ, शिशाची वजनं, सगळं सोबत आणलं होतं. गावामागच्या धरणात गळ टाकायची परवानगीही सकाळीच काढून ठेवली होती.

मावसाजींचे नियम मात्र ऐकण्यासारखे होते. जागा उजेडी पाहून ठेवायची. सामान नेहमी त्याच क्रमानं मांडायचं, म्हणजे अंधारात हात बरोबर पडतो. चालताना गळाचं टोक बुचात खुपसायचं. डोक्यावरच्या बॅटरीला लाल कागद लावायचा आणि काही झालं तरी पाण्यावर उजेड पाडायचा नाही, कारण त्यानं मासे बिचकतात.

"आणि सगळ्यात मोठा नियम?" त्यांनी पियुषला विचारलं.

"एकट्यानं जायचं नाही," पियुष म्हणाला. हा धडा त्याला पाठ होता.

"मावसाजी, आमच्या धरनाले लाटा नाही येत," अंकुर हसत म्हणाला. "तुमी तं असं सांगून राहिले, जसं समुद्रच हाये."

"पाणी ते पाणी," मावसाजी म्हणाले. हे वाक्य त्यांनी स्वतः लक्षात ठेवलं असतं तर पुढचं काही घडलंच नसतं.

ऊन उतरल्यावर चौघं धरणावर गेले. उन्हाळ्यानं पाणी खूप मागे हटलं होतं. उघड्या पडलेल्या गाळात लोकांनी टरबुजं लावली होती, आणि त्यातलंच एक शेत खुशालरावांचं होतं. खुशालराव म्हणजे अंकुरचे मोठेबाबा, वडिलांचे थोरले भाऊ. शेतातल्या झोपडीपाशी बाज टाकून ते रोज रात्री राखणीला झोपत. बोलायला फटकळ माणूस. अंकुरनं बक्षीस आणलं तरी 'अभ्यास कर' एवढंच म्हणायचे.

मुलांनी धरणाच्या भिंतीच्या दगडांवर बसायची जागा ठरवली. मावसाजींची नजर मात्र लांब, जिथं नाला धरणाला मिळत होता तिकडं गेली.

"तिथे शिंगाळा असणार. चांगला मोठा."

"तिकडं नका जाऊ, मावसाजी," अंकुर म्हणाला. "तिकडं गारा हाये."

मावसाजींनी एकवार वर पाहिलं. आभाळ स्वच्छ होतं. "असू देत. टोपी आहे माझ्याकडे."

गाऱ्याला टोपी कशाला लागते, हे अंकुरला कळेना. पण मोठ्या माणसांचे विनोद पुष्कळदा असेच असतात. तो विचारणार इतक्यात घुंगरू वाजलं, सगळे काठीकडे धावले, आणि ते बोलणं तिथंच राहून गेलं.

तो पहिला मासा निसटला. मग अंधार पडला, चांदण्या निघाल्या, आणि घुंगरू पुन्हा वाजेना. मावसाजी चुळबुळायला लागले. शेवटी त्यांनी एक काठी उचलली.

"मी जरा नाल्याकडे जाऊन येतो. तुम्ही इथून हलू नका."

"बाबा, एकट्यानं जायचं नाही ना?" पियुष म्हणाला.

"ते समुद्रावर, राजा. हा तलाव आहे."

लाल ठिपका पाण्याच्या कडेकडेनं दूर गेला आणि नाल्यापाशी थांबला. तिघं दगडांवर बसून तो पाहत होते. दामिनीनं बरोबर आणलेल्या कुरड्या संपल्या. गप्पाही संपल्या.

"ए, लाल दिवा कुठं गेला?" दामिनी म्हणाली.

लाल दिवा नव्हता. त्याच जागी आता पांढरा उजेड होता, आणि तो थेट पाण्यावर पडला होता. पाण्यावर त्याची लांब पांढरी पट्टी उमटली होती. ती हलत नव्हती.

पियुष उभा राहिला. "बाबा पाण्यावर कधीच उजेड पाडत नाहीत. कधीच नाही."

त्यांनी हाका मारल्या. अंतर खूप होतं, त्यामुळे आवाज तिकडं जाईना. दामिनीनं स्वतःजवळच्या आईच्या फोनवरून मावसाजींना फोन लावला, तर तो शेजारच्या पिशवीतच वाजला.

तिघं धावत झोपडीपाशी गेले. खुशालराव डोळे न उघडताच म्हणाले, "मोठी मासोळी लागली असन त्याईले. धिंगाना नका करू. झोपा."

"मोठेबाबा, उजेड हालून नाही राहिला," अंकुर म्हणाला.

"मंग बसला असन निवांत. लहान लेकरू हाये का तो?" आणि त्यांनी कूस बदलली.

आता काय करावं? पियुषचा चेहरा रडवेला झाला होता. काहीतरी बोलायचं म्हणून तो म्हणाला, "तू तर म्हणत होतास तिकडे गारा पडतात. एक ढगसुद्धा नाही आकाशात."

अंकुर त्याच्याकडे पाहतच राहिला. "पडतात? गारा कुठून पडंन? गारा खाली असते."

"खाली? बर्फाच्या गारा?"

"बर्फ नाही रे. गारा. पानी आन माती मिळून होते तो."

"म्हणजे चिखल?" पियुषचा आवाज एकदम खाली आला. "आमच्याकडे गारा म्हणजे आभाळातून पडतात त्या. बाबांनाही तेच वाटलं असणार."

टोपीचा अर्थ अंकुरला आता लागला. नाल्याच्या तोंडाशी वरून भेगाळलेली जमीन होती. पाहणाऱ्याला ती वाळलेली वाटे, आणि त्या खपलीखाली पुरुषभर गाळ होता. मागच्या साली तिथंच एक म्हैस फसली होती. जितकी धडपडली तितकी खाली गेली. शेवटी लोकांनी गाळावर कवाड टाकून तिला काढलं होतं.

त्यानं खुशालरावांचा खांदा धरून हलवला. मोठेबाबांना असं हलवायची त्याची ही पहिलीच वेळ. "मावसाजी गाऱ्यात फसले, मोठेबाबा. त्याईले गारा म्हन्जे पावसातल्या गारा वाटल्या. मी सांगतलं, पन त्याईले समजलंच नाही."

खुशालराव उठून बसले. त्यांनी पाण्यावरचा तो उजेड पाहिला आणि पाण्याच्या मोटारीचा दोर खांद्यावर टाकला.

"बाज घ्या," अंकुर म्हणाला. "कवाड नाही, तं बाज उलटी टाकू. पाय वर करून. मंग ते रुतनार नाही."

बाज उचलून चौघं धावले. मावसाजी काठापासून थोड्याच अंतरावर होते, छातीच्या खालपर्यंत गाळात. बॅटरी त्यांनी हातात वर धरली होती.

"पियुष, पुढे येऊ नकोस," ते म्हणाले. हाका मारून घसा पार बसला होता.

खुशालरावांनी गाळावर पाय ठेवला. खपली लगेच फुटली. ते मागे सरले. अंकुरचं वजनही जास्तच होतं. सगळ्यांत हलकी होती दामिनी.

"मी जातो, मोठेबाबा," ती म्हणाली.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग पियुषच्या बापाकडे पाहिलं. त्यांना ते मुळीच पटत नव्हतं. पण दुसरा उपाय नव्हता. त्यांनी दोराचं एक टोक तिच्या कमरेला बांधलं, गाठ ओढून पाहिली, पुन्हा ओढून पाहिली. दुसरं टोक तिच्या हातात दिलं. मधला दोर स्वतःच्या हाताला गुंडाळला.

उलटी बाज गाळावर सरकवली. दामिनी तिच्यावर पोटावर झोपून पुढं सरकली. बाज कुरकुरली, एका बाजूनं थोडी दबली. दामिनी थांबली, आणि मग पुन्हा सरकली.

"मावसाजी, पाय नका उचलू," ती म्हणाली. "मांगं झोपा. पाठीवर."

"झोपलो तर बुडेन गं."

"नाही बुडत. उभे राहिले तं बुडसान."

मावसाजींनी डोळे मिटले आणि अंग मागे टाकलं. आयुष्यभर इतरांना नियम सांगणाऱ्या माणसानं अकरा वर्षांच्या पोरीचं ऐकलं. दामिनीनं त्यांच्या काखेखालून दोर घेतला आणि गाठ मारली. ती परत काठाला आल्यावरच खुशालरावांनी ओढायला सुरुवात केली.

"हळू," ते म्हणाले. "झटका नाही द्यायचा."

तिघं ओढत होते. बराच वेळ काहीच हललं नाही. पियुषच्या तळहाताची सालं निघाली, पण त्यानं दोर सोडला नाही. मग गाळानं एक मोठा आवाज केला आणि मावसाजींचा एक पाय मोकळा झाला. थोड्या वेळानं दुसराही झाला, आणि ते बाजेवरून घसरत काठाला आले.

पियुषनं बापाच्या चिखलानं भरलेल्या छातीवर डोकं टेकवलं आणि तो हुंदके देऊन रडला.

"उजेड तूच ओळखशील असं वाटलं होतं," मावसाजी म्हणाले. "म्हणून पाण्यावर धरला."

"मी जाऊ नका म्हटलं होतं," पियुष रडतच म्हणाला. "आईला मी काय सांगणार होतो?"

मावसाजींनी त्याला जवळ घेतलं.

सकाळी गावातल्या लोकांनी नाल्याच्या तोंडाशी बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं. ओट्यावर माणसं जमली. जो तो दामिनीच्या धाडसाचं, पियुषच्या नजरेचं, अंकुरच्या डोक्याचं कौतुक करत होता. आई मात्र दामिनीला कुशीतून सोडायला तयार नव्हती. मावसाजी तिन्ही मुलांसमोर येऊन उभे राहिले. "तुम्ही तिघांनी मला सांगितलं होतं, कुणी आधी, कुणी नंतर. माझा जीव तुम्ही वाचवला," ते म्हणाले.

खुशालराव इतका वेळ भिंतीला टेकून बसले होते. अंकुरला वाटलं, हे आता अभ्यासाचं काढणार.

"मी पोराईले झोपा म्हनलं," खुशालराव सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "ते झोपले असते तं आज या घरात रडारड असती. लेकरू उठवाले आलं तं आधी पायात जोडा घालावा, मंग काय झालं ते इचारावं. मी उलटं केलं."

खुशालराव उठले, अंकुरच्या पाठीवर त्यांनी हात ठेवला आणि बराच वेळ तो काढला नाही.