तिसरी हाक

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात माणूस मिरच्या आणायला जातो आणि खांद्यावर केळीचा घड घेऊन परततो. पण त्या शुक्रवारी विनिता ना मिरच्यांपाशी थांबली, ना चणेवालीपाशी. लेकीचा हात धरून ती तडक बस स्टँडमागच्या एका दुकानात शिरली. सिद्धीला तिचा स्वतःचा पहिला वायरलेस सेट घ्यायचा होता.

विनिता डिचोलीच्या पोस्टात कामाला. नवरा बोटीवर, वर्षातले बरेच महिने समुद्रात. सुर्ल्याच्या टेकाडावरचं घर आणि त्यात ह्या दोघी. संध्याकाळ खायला उठते म्हणून तिने वायरलेसचा छंद लावून घेतला, रीतसर परीक्षा देऊन परवाना काढला. मग त्या छंदाने तिलाच असं धरलं, की छपरावरची उंच अँटेना ही गावात तिच्या घराची खूण झाली. सिद्धी बारावीत. आईच्या मागे लागून तिनेही नुकताच परवाना मिळवला होता.

"हो घ्या, बाय. आठ वॅट. सरळ कारवारपर्यंत जातलो," दुकानदार म्हणाला.

"डोंगर आड इलो की आठ काय नि पाच काय, सगळे सारखेच," विनिताने त्याला उडवून लावलं. तिने बॅटरी काढून दाबून पाहिली, अँटेनाचा आटा फिरवून पाहिला, बटनाखालचं रबर नखाने उचकटून पाणी आत शिरेल का ते बघितलं. लग्नासाठी मुलगा पाहतानासुद्धा तिने एवढी चौकशी केली नव्हती. सोबतची आखूड अँटेना तिने परत दिली आणि लांब घेतली. सिद्धीला मात्र रंगाशीच देणंघेणं होतं. तिने नारिंगी सेट उचलला तो खाली ठेवलाच नाही.

त्या सेटला एक खोड होती. बोलून बटन सोडलं की तो शेवटी 'टुंऽ' असा बारीक सूर काढायचा.

"ता बंद कर हां. लोक वैतागतले," विनिता म्हणाली.

"असां दे गो आई. मी बोलून संपलंय, ता कळता तरी."

तो सूर काही बंद झाला नाही. पोरी आईचं ऐकतात, पण आपल्याला हवं तेवढंच.

पेडणे आणि डिचोलीकडचे असे छंदिष्ट मोजकेच. रोज जेवणाआधी ते आपापल्या सेटवर जमत आणि पेडण्याहून बाबुरावकाका हजेरी घेत. बाबुराव म्हणजे विनिताचे ह्यातले गुरू. जन्म खाणीच्या वर्कशॉपमध्ये डंपरवरचे वायरलेस दुरुस्त करण्यात गेलेला. त्यांची हजेरीची रीत जगावेगळी होती. परवान्यावरची सरकारी खूण, म्हणजे कॉलसाइन, एकदा घेऊन झाली की ते माणसाला नावाने हाक मारत, तीही एकदा नाही, तीनदा. आणि तिसऱ्या हाकेनंतरच ओ द्यायची. पहिल्याच हाकेला कोणी उत्तर दिलं तर म्हातारा खवळायचा.

"एकदा हाक कोणय मारता," ते म्हणत. "जो नाय तोय मारता. पण तेका परत मारूक येणा नाय. जिता माणूसच तीनदा बोलयता."

विनिताला हे ऐकून हसू यायचं. पण गुरूचा मान म्हणून ती रीत पाळायची आणि सिद्धीलाही तिने ती लावून दिली होती.

श्रावणात ती भानगड सुरू झाली. तिन्हीसांज झाली की सेटचा हिरवा दिवा पेटायचा. हिरवा दिवा म्हणजे समोरून कोणीतरी बोलतंय. पण बोलायचं कोणीच नाही. नेहमीची खरखरही थांबायची आणि सेटमधून नुसती मुकी शांतता वाहत राहायची. ती चालू असेपर्यंत दुसऱ्या कोणाचा लहान सेट तिच्यावरून बोलूच शकत नसे.

विनिताने आधी आपल्याच घरात चोर शोधला. छपरावर चढून केबलच्या जोडात पाणी शिरलंय का ते पाहिलं, जोड सोडून सुकवून पुन्हा आवळला. घरातला प्रत्येक चार्जर काढला, फ्रिजसुद्धा बंद करून बघितला. दिवा पेटलेलाच. मग राहिलं एकच कारण. कुठेतरी कोणाच्या तरी सेटचं बोलायचं बटन दाबलेलं अडकलं होतं. घरच्या अँटेनाची दिशा फिरवून पाहिली तेव्हा ती मुकी शांतता सगळ्यांत जोरात आली सुर्ल्याच्याच एका बंद खाणीच्या बाजूने. पाण्याने भरलेला तो जुना पिट, म्हणजे खाणीचा खड्डा, तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायचा.

"थंय कोण रवता? कोणाचो सेट असतलो?" तिने बाबुरावांना विचारलं.

ते म्हणाले, "जाव नको गो बाय. बंद जाता तेव्हा जावंदे."

पण बिघाड तसाच सोडून देणं विनिताच्या रक्तात नव्हतं. आणि नवा सेट हातात आल्यापासून सिद्धीला तर चैनच पडत नव्हतं.

रविवारी उजेड कलता झाला तेव्हा विनिताने लेकीला पिटाच्या पलीकडे, रखवालदाराच्या रिकाम्या पत्र्याच्या केबिनीपाशी सोडलं आणि स्वतः स्कूटर वळवून अलीकडच्या बांधावर आली. दोन बाजूंनी दोन दिशा घ्यायच्या, त्या जिथे छेदतील तिथे तो सेट. काम साधं होतं. त्या खळग्यात मोबाईल चालत नाही, पण दोघींच्या हातात सेट होते. मुकी शांतता वाहू लागली की त्यांनी पलीकडच्या दुसऱ्या चॅनलवर बोलायचं, असं ठरलं होतं.

समोर पाणी. खालचं, हिरवट, न हलणारं. चारी बाजूंनी लाल मातीच्या उतरत्या पायऱ्या, त्यांच्यावर वाढलेलं रान. पाऊस थांबला होता, पण पाण्यावरून धुकं उठू लागलं होतं आणि त्याला ओल्या लोखंडासारखा वास होता. बेडूक ओरडत होते. ते एकाएकी गप्प झाले तेव्हा विनिताने सेटकडे पाहिलं. हिरवा दिवा पेटला होता.

"आई, इलो गो! सिग्नलचो काटो अर्धो चढलो. पाण्याच्या बाजून येता," दुसऱ्या चॅनलवर सिद्धी. टुंऽ.

"बरां. जाग्यावरून हलू नको."

थोड्या वेळाने, "आई, मी हलूक नाय. तरी काटो चढता. आता पुरो भरलो."

टुंऽ.

ज्याचं बटन अडकलंय तो सेट कुठेतरी पडलेला असणार. पडलेली वस्तू जवळ येत नाही.

"ऐक. अँटेना काढ आणि नुसतां ऐक. काढल्यावर बटन दाबू नको, सेट जळतलो. अँटेना नसतानाय दिवो पेटलो, तर तो अगदी हाताकडे आसा. बघ, परत लाव आणि माका सांग."

अँटेना काढून ऐकायला आणि परत लावायला असा किती वेळ लागतो? विनिता बांधावर उभी होती आणि पलीकडचा काठ धुक्यात गेला होता. केबिनीचा पत्रा दिसेनासा झाला. तिने स्वतःला मनातल्या मनात शिव्या घातल्या. पोरीला एकटं सोडायची काय गरज होती? दोन दिशा दोन दिवसांत घेता आल्या नसत्या?

"आई..." सिद्धीचा आवाज अगदी खाली उतरला होता. "अँटेना काढून बघितलंय, तरी येता. आणि आता त्यातसून कोणतरी बोल्ला. माका हाक मारल्यान. एकदाच."

टुंऽ.

"कोण?"

"तुझ्या आवाजान गो..."

टुंऽ.

"ओ दिलंस?"

"नाय."

"शाणी ती माझी बाय. आता केबिनीत जा, आतसून कडी घाल. मी येतंय. आणि मी तीनदा हाक मारल्याशिवाय दार उघडू नको. कोणीय येव दे, उघडू नको. कळलां?"

"तीनदा मारशीत मगेच उघडतलंय."

टुंऽ.

विनिताने सेट पिशवीत कोंबला आणि स्कूटरला किक मारली. पिटाला वळसा घालणारी ती खाणीची वाट चिखलाने भरली होती, चाक घसरत होतं, दिव्याचा उजेड धुक्यावर आपटून तिच्याच तोंडावर परत येत होता. देव, देवी, राखणदार, सगळ्यांची नावं तिने एका दमात घेतली. आयुष्यात पहिल्यांदा तिला बाबुरावांच्या बोलण्याचं हसू आलं नाही.

केबिन अंधूक दिसू लागली. दार बंद होतं. विनिताने स्कूटर उभी केली, श्वास घेतला, पहिली हाक मारायला तोंड उघडलं.

"आई."

हाक मागून आली होती, पाण्याच्या बाजूने. विनिता गर्रकन वळली. धुक्यातून सिद्धी चालत येत होती. चिखलाने माखलेली, केस ओले, पण पायांवर उभी आणि धडधाकट.

"ओ!" विनिता ओरडली. "ओ गो माझ्या बाये!" आणि धावत जाऊन तिने पोरीला मिठीत घेतलं.

सेटमधून आलेल्या हाकेची तिला धास्ती होती. तोंडाने मारलेली हाक तिने धरलीच नाही. कोणती आई धरेल?

"तुका आत बस म्हटलंलां ना? सेट खंय?"

"पाण्यात पडलो," सिद्धी म्हणाली.

"पडां दे. मरां दे तो सेट." तिने लेकीला मागे बसवलं आणि एकदाही मागे न बघता स्कूटर घराकडे हाणली. पाठीला टेकलेली पोर गार पडली होती. भिजल्यावर माणूस गार पडणारच.

घरी येऊन विनिताने दारं लावली, देवापुढे दिवा लावला, लेकीचं डोकं पुसलं. सिद्धी मुकाट होती. घाबरलेल्या पोरीला किती विचारायचं? विनिताने ताटं वाढली. श्रावण म्हणून मुगागाठी आणि सोलकढी, सिद्धीच्या आवडीचं. सिद्धी ताटावर बसली आणि भाताकडे बघत राहिली. तिच्या पावलांवरची लाल माती अजून ओलीच होती आणि लादीवर त्याचं पाणी पसरत होतं.

हजेरीची वेळ झाली तशी विनिताने बाहेरच्या खोलीत फळीवरचा मोठा सेट लावला. दिवा विझलेला. नेहमीची खरखर, साफ, मोकळी. कितीतरी दिवसांनी ती मुकी शांतता नव्हती. विनिताच्या छातीवरचा धोंडा उतरला.

बाबुरावांनी हजेरी घेतली. "विनिता. विनिता. विनिता."

"आसंय, काका. दोघांय घरी आसंव."

"आज लायन साफ आसा गो. कोणी बंद केल्यान?"

"माहीत नाय. आपसूक गेला."

"आपसूक?" बाबुरावांनी विचारलं. "थंय होता ता गेला खंय, मगे?"

विनिता काही बोलणार एवढ्यात हिरवा दिवा पेटला. बारीक, लांबून येणारा आवाज. तिच्या छपरावरच्या अँटेनालाच पकडता येईल इतका क्षीण.

"आई..."

टुंऽ.

विनिताचा हात माइकवर तसाच राहिला. एकच हाक. ओ द्यायची नाही. पाण्यात पडलेला सेट, आत पाणी शिरलं की बटन आपोआप दाबलं जातं, होतं असं. पण पाणी शिरलं तर दिवा पेटेल, पाण्याला बोलता येत नाही.

"आई..."

टुंऽ.

"काका," ती कुजबुजली, "तुमका ऐकाक येता?"

"काय? माका कायच येणा नाय. लहान सेट हंयसर पोचणा नाय. कोण आसा गो?"

दिवा तिसऱ्यांदा पेटला.

"आई! कधीची बोलयतंय, तू ओ कित्या देणस नाय? मी केबिनीतच आसंय. कडी घालून बसलंय. तुझी स्कूटर इली ती ऐकलंय, तू हाकच मारूक नाय... मगे स्कूटर गेली... आई, तू कोणाक घेऊन गेलंस?"

टुंऽ.

स्वयंपाकघरात भांडं वाजलं नाही, पाट सरकला नाही. विनिताने माइक उचलला. बोटाखाली बटन होतं. ते दाबून ओ द्यायची आणि धावत सुटायचं, एवढंच करायचं होतं. स्कूटरची किल्ली स्वयंपाकघरात, ताटाशेजारी ठेवलेली होती.

"आई," आतून सिद्धीने हाक मारली.

विनिता दाराकडे बघत, श्वास रोखून, दुसऱ्या हाकेची वाट पाहू लागली. लादीवरचं लाल पाणी उंबऱ्यापर्यंत आलं होतं.