दायरॉनच्या मागे

हवाना शहरातल्या लुयानो वस्तीत पावाच्या रांगेत कुणी रांगेत उभं राहत नाही. नवा माणूस कोपऱ्यावरून येतानाच ओरडतो, "शेवटचा कोण?" सावलीतून एखादा हात वर होतो. मग दुसरा प्रश्न, "आणि तुझ्या पुढे कोण?" कारण पुढचा कंटाळून घरी गेला, तर आपण अधांतरी लटकायला नको. एवढे दोन चेहरे लक्षात ठेवले की माणूस मोकळा. हवं तर बदामाच्या झाडाखाली बसा, हवं तर समोरच्या पायरीवर जाऊन भांडा.

ओस्मानीने या रिवाजाचंच ॲप केलं होतं. पोटासाठी तो बस डेपोत कारकुनी करायचा, ॲप ही हौस. रांगेत आलात की शेवटच्या माणसाच्या फोनला आपला फोन टेकवायचा. दोन्ही थरथरतात आणि तुमच्या पडद्यावर दोन नावं उमटतात, तुमच्या पुढचा आणि त्याच्या पुढचा. पुढच्याला पाव मिळाला की तो बटण दाबतो आणि तुमचा फोन बोलतो. याला इंटरनेट लागत नाही. फोन एकमेकांना जवळून ओळखतात, दुकानाच्या खिडकीपासून झाडापर्यंत, त्यापलीकडे नाही. पूर्वी रांग लोकांच्या डोक्यात असायची, ती आता खिशात आली, एवढंच.

फोनमध्ये बोलणारा आवाज दायरॉनचा होता. ओस्मानीचा शाळेपासूनचा मित्र, ॲपमधला अर्धा भागीदार आणि सगळ्या गल्लीतला एकमेव माणूस, ज्याचा आवाज ऐकून म्हाताऱ्या हसायच्या. ओस्मानीच्या खोलीत पंखा बंद करून, खिडक्या लावून, घामाने निथळत त्यांनी ते एक वाक्य रेकॉर्ड केलं होतं: "चल रे, तुझी पाळी!" शेजारच्या गच्चीवर नॉर्बेर्तोचं कुत्रं होतं, कनेलो. दायरॉन बोलला की कनेलो भुंकायचा. पुन्हा बोलला की पुन्हा भुंकायचा. शेवटी दायरॉन हसून जमिनीवर लोळला. "राहू दे रे, त्यालाही पाव हवाय," म्हणाला. तसंच राहिलं.

मग ते वाक्य कुत्र्यासकट अख्ख्या हवानात पसरलं. त्या काळी नव्या मालिका, गाणी, ॲप असं सगळं दर आठवड्याला डिस्कवर भरून घरोघरी यायचं, त्यातून हेही गेलं. शहराच्या दुसऱ्या टोकाला मारियानाओतल्या कुणा अनोळखी बाईने निरोप धाडला की तुमच्या कुत्र्यामुळे माझा नंबर चुकत नाही. त्या निरोपाचा ओस्मानीला जेवढा आनंद झाला, तेवढा पुढे कशाचाच झाला नाही.

काय दिवस होते ते! गच्चीवरून गच्चीवर पोरांनी स्वतः ओढलेल्या तारा होत्या, डब्याच्या पत्र्यांचे अँटेना होते. बाहेरच्या जगाशी तारेचा संबंध नव्हता, पण शहरातली हजारो पोरं त्या जाळ्यावर होती. खेळायची, भांडायची, टोपणनावांनी प्रेमात पडायची. पावसात तार तुटली की दायरॉन अनवाणी गच्चीवर चढायचा आणि त्याची आई एर्मिनिया खालून शिव्या हासडायची. पुढे नवे नियम आले, तारा उतरल्या. फोनवर खरं इंटरनेट आलं आणि त्याच सुमाराला माणसं जायला लागली. एकेक टोपणनाव मायामी, माद्रिद, मोंतेव्हिदेओ करत गळालं. कनेलोही म्हातारा होऊन मेला. ओस्मानीला अजून अधूनमधून गच्चीवर जाऊन उगाच उभं राहावंसं वाटे, आणि तो उभा राहतही असे.

दायरॉन शेवटी गेला. विमानाने निकाराग्वा, तिथून पायी आणि ट्रकने उत्तरेकडे, जसे सगळे जात होते तसा. मेक्सिकोच्या दक्षिणेतून त्याचा एक निरोप आला: "पुढे थंडी आहे म्हणतात. फोन चार्ज करून ठेवलाय." त्यानंतर काही नाही.

एर्मिनियाने रांगेत त्याची जागा धरणं सोडलं नाही. "मी आणि माझ्यामागे माझा मुलगा," ती रोज सांगायची. रेशन कार्डावर त्याचं नाव होतं, त्याच्या वाटचा पाव ती घ्यायची आणि संध्याकाळी बहुधा ओस्मानीलाच खायला घालायची. उगाच कुणी परक्याने कटकट करू नये म्हणून ओस्मानी स्वतः रोज त्या रिकाम्या जागेच्या मागे नंबर लावायचा. तसा तो जन्मभर दायरॉनच्या मागेच होता. तारा ओढताना, पोरींशी बोलताना, सगळीकडे. त्यात नवीन काही नव्हतं.

ऑगस्टातल्या एका सकाळी त्याने नेहमीप्रमाणे एर्मिनियाच्या फोनला फोन टेकवला. रोज पडद्यावर पुढे एर्मिनियाचंच नाव यायचं. आज आलं:

तुमच्या पुढे: दायरॉन.
त्याच्या पुढे: एर्मिनिया.

ओस्मानी हे ॲप स्वतः लिहिणारा माणूस. तो घाबरला नाही, वैतागला. जुनं नाव कुठेतरी अडकून राहिलं असणार. त्याने ॲप काढून टाकलं, पुन्हा घातलं, पुन्हा फोन टेकवला. दायरॉन. दुसऱ्या दिवशी डेपोतल्या सहकाऱ्याचा कोरा फोन मागून आणला. दायरॉन. मग कोणता फोन किती जवळ आहे हे दाखवणारी चाचणी त्याने चालू केली आणि काहीतरी शोधत असल्याचं सोंग करत एर्मिनिया बसली होती त्या बाकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. दायरॉनच्या फोनच्या सिग्नलची रेघ एर्मिनियाच्या डाव्या हाताला सगळ्यांत उंच चढत होती. तिथे तिने पिशवी ठेवून नेहमीसारखी जागा धरली होती.

"काय रे, काय हरवलं?" तिने विचारलं.

"काही नाही, मावशी. फोन नाटकं करतोय."

तिने पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि जागा आणखी थोडी मोकळी केली.

त्याच आठवड्यात नॉर्बेर्तो भडकला. निवृत्त बस ड्रायव्हर, आवाज अजून हॉर्नसारखा. त्याचा नंबर येईपर्यंत दोनदा पाव संपला होता.

"एर्मिनिया, तुझा दायरॉन कधी उगवणार? रेशनचं चिकनसुद्धा त्याच्याआधी येईल!"

लोक हसले. एर्मिनियाही हसली, पण ओठांनीच.

"आणि तू रे, इंजिनिअर!" नॉर्बेर्तो ओस्मानीकडे वळला. "हे यंत्र तुझंच ना? मग त्याला शिकव, जो इथे नाही तो नाही."

"तुम्हीच रोज त्या यंत्राला कान लावून बसता, काका."

"मी माझ्या कुत्र्यासाठी बसतो," नॉर्बेर्तो म्हणाला. ते खरं होतं. कुणाचाही फोन बोलला की तो मान वाकडी करून कनेलोचं भुंकणं ऐकायचा आणि मगच पुन्हा भांडायला लागायचा.

तेवढ्यात झाडाखालून एक मुलगी उठून आली. दूर पूर्वेच्या ग्वांतानामोकडून नुकतीच नात्यातल्या कुणाकडे राहायला आलेली, हातात पंखा. गल्लीत तिला कुणी ओळखत नव्हतं, तिच्याकडे साधा बटणांचा फोन होता.

"तुमच्यात ओस्मानी कोण?" तिने विचारलं. "मी त्याच्या मागे आहे."

"मी. पण मी तर तुला पाहिलंही नाही."

"तुझ्या पुढच्याने सांगितलं. मी 'शेवटचा कोण' म्हणून ओरडले, तर तो म्हणाला, माझ्या मागे ओस्मानी आहे, तो नेहमी उशिरा येतो, तू त्याच्या मागे लाव."

"कोण पुढचा?"

"अरे तो, लोकरी टोपीवाला. नारिंगी." तिने पंखा जोरात हलवला. "एवढ्या उकाड्यात! मी म्हटलं, बाबा, डोकं शिजेल. तर म्हणाला, सवय झाली." ती मागे वळून बघू लागली. "आता इथेच तर होता."

नॉर्बेर्तो खो खो हसला. "लोकरी टोपी! ऑगस्टात! ऊन या पोरीच्याच डोक्यात गेलेलं दिसतंय."

ओस्मानीने एर्मिनियाकडे पाहिलं. तिचा हात पिशवीच्या बंदावर थांबला होता.

त्या दुपारी ती त्याच्या घरी आली. वीज गेलेली होती. दारातच बसली.

"ती टोपी मी विणली होती," ती म्हणाली. "माझा नारिंगी स्वेटर उसवून. त्याला आवडली नसती म्हणून न सांगता बॅगेच्या तळाशी घातली. तुलाही सांगितलं नव्हतं."

"नाही सांगितलंत."

"म्हणजे पुढे थंडी लागली त्याला. बॅग उपसली असेल."

ओस्मानीच्या तोंडून तेच निघालं जे इतके दिवस मनात दाबलं होतं. "मावशी, कदाचित तो परत आला असेल. लपून राहत असेल कुठेतरी. कागदपत्रांची भानगड असेल."

एर्मिनियाने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं लहान मुलाकडे पाहतात.

"जिवंत असता तर आधी घरी आला असता, पोरा. रांगेत कशाला जाईल? रांगेत मी त्याची जागा धरली आहे, म्हणून तो तिथे उभा आहे. आईने जागा धरल्यावर सोडून जाईल कसा?"

खाली कुणीतरी बादली ओढत नेत होतं. तो आवाज जिन्यापर्यंत गेला आणि थांबला.

"नॉर्बेर्तो म्हणतो ते कर," ती म्हणाली. "जो नाही तो नाही. तसं शिकव त्या यंत्राला. तो खरंच तिथे आहे का, मला कळू दे."

ओस्मानीला ते करायचं नव्हतं. जोवर पडद्यावर ते नाव येत होतं, तोवर दायरॉन कुठेतरी होता, आणि तारांच्या दिवसांतला निदान एक माणूस अजून त्याच्या पुढे चालत होता. ते आपल्याच हाताने पुसायचं म्हणजे काय, हे फक्त त्यालाच ठाऊक. पण मावशीला नाही म्हणणं त्याला जमलं नव्हतं. त्याने लिहिलं: पुढच्याचा फोन जवळपास सापडला नाही, तर नाव गाळायचं आणि त्याच्या पुढच्याचं दाखवायचं. चार ओळींचं काम होतं. दायरॉन असता तर दोन ओळींत केलं असतं.

शनिवारी सकाळी रांगेत त्याने ते सगळ्यांना वाटलं. फोनवरून फोनवर गेलं, जुन्या दिवसांसारखंच. लगेच परिणाम दिसला. नंबर लावून घरी झोपायला गेलेल्यांची नावं पटापट गळाली, त्यांचे मागचे पुढे सरकले. नॉर्बेर्तो तर खूश झाला. "याला म्हणतात न्याय!"

मग तो ओस्मानीच्या खांद्यावरून वाकला. "आणि तुझ्या पुढे कोण राहिलं आता?"

तुमच्या पुढे: दायरॉन.
त्याच्या पुढे: एर्मिनिया.

नॉर्बेर्तोने वाचलं. पुन्हा वाचलं. मग तो दोन पावलं मागे झाला आणि डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"मावशी," ओस्मानी म्हणाला. "गळलं नाही."

"माहीत होतं मला."

खिडकीतून हाक आली. एर्मिनियाची पाळी होती. ती उठली, पण पुढे गेली नाही. बाकावरच्या डाव्या हाताच्या रिकाम्या जागेकडे वळली. तिचा आवाज रोजच्यासारखाच होता, शाळेला उशीर झालेल्या मुलाला बोलतात तसा.

"जा, बाळा. तू आधी जा. मी आहे मागे. किती दिवस उभा राहशील?"

ग्वांतानामोच्या मुलीचा पंखा थांबला.

एर्मिनिया थोडं थांबली. जेवढा वेळ एखाद्याला खिडकीपर्यंत चालत जायला लागतो, तेवढं. मग तिने पिशवी उचलली आणि स्वतः खिडकीशी गेली.

"एक," ती म्हणाली.

"एकच?" आतल्या बाईने विचारलं. "मुलाचा नको?"

"त्याची पाळी झाली. आता माझा एकटीचा."

तिने पाव पिशवीत घातला. पिशवीला गाठ मारली.

ओस्मानीच्या हातातला फोन थरथरला. पडद्यावर त्याच्या पुढे आता कुणाचंच नाव नव्हतं. आणि सगळ्या गल्लीच्या ओळखीचा तो आवाज आला, थोडा धापा टाकणारा, चढण चढून आल्यासारखा.

"चल रे, तुझी पाळी!"

नॉर्बेर्तोने सवयीने मान वाकडी केली आणि तो कनेलोच्या भुंकण्याची वाट पाहत राहिला.

कुत्रं भुंकलंच नाही.