वाट पाहण्याचा रकाना

मी संख्याशास्त्र शिकवतो. बत्तीस वर्षं शिकवतोय, आणि एवढ्या वर्षांत पंगतीत शेजारी बसलेल्या माणसानं मला त्याबद्दल आपणहून एक अक्षर विचारलेलं नाही. मूल्यांकन समिती येणार म्हटलं की मात्र सगळ्यांना ठोसर सर आठवतात. २००४ च्या जानेवारीतही तेच झालं. संचालकांनी बोलावलं आणि म्हणाले, "सर, आपल्या आरोग्य केंद्राचं तेवढं बघा. शिकाऊ पोरी काय शिकल्या आणि पेशंट समाधानी आहेत का, दोन्ही आकड्यांत पाहिजे."

"दुसऱ्या कुणाला द्या," मी म्हटलं.

"दुसऱ्या कुणाला येतंय?"

झालं, गेलो.

आमच्या विद्यापीठाचं आवार मिरजोळ्याच्या रस्त्याला आहे. केंद्र म्हणजे आवाराच्या टोकाला दोन खोल्या, चिऱ्याच्या भिंती, पुढे पडवी. पडवीत फणसाच्या लाकडाचं एक बाकडं. सुतारानं त्याचे पाय टोकांना न लावता आतल्या बाजूला लावून ठेवलेत, त्यामुळे एकटा माणूस टोकाला बसला की दुसरं टोक वर उचललं जातं. नवीन मुलं हटकून पडतात. एकटं असेल त्यानं मधोमध बसायचं, दोघं असतील तर दोन टोकांना, हे आवारात सगळ्यांना माहीत आहे. उमा म्हणायची, "बरंय की. हे बाकडं एकट्यासाठी नाहीच मुळी."

उमा माझी बायको. त्या केंद्राची अठरा वर्षं नर्स होती ती.

पुढचं मी कुणाला सांगितलेलं नाही. २००१ च्या मार्चमधला शनिवार होता. केंद्र एकला बंद होतं. एक वाजून पाच मिनिटांनी विभागात तिचा फोन आला. "अहो, न्यायला येता का? छातीत कसंसंच होतंय." माझ्यापुढे निकालाची बेरीज होती आणि ती दोन गुणांनी चुकत होती. "दहा मिनिटांत आलो," मी म्हटलं. ती म्हणाली, "सावकाश या. मी बाकड्यावर बसते." मी पावणेतीनला पोचलो. बेरीज जुळली होती. उमा बाकड्यावर मधोमध बसलेली, पर्स मांडीवर, डोकं भिंतीला टेकलेलं. डोळे मिटले होते. मला वाटलं, डुलकी लागली.

तेव्हापासून मी त्या बाजूला फिरकलो नव्हतो.

तर फॉर्म. फॉर्म मीच तयार केला, आठ प्रश्नांचा. तिसरा प्रश्न: किती वेळ वाट पाहावी लागली? पाचवा: तपासताना विद्यार्थिनीशिवाय खोलीत आणखी कोणी होतं का? पेशंटचा आडोसा राखला जातो का, एवढंच त्यातून कळायला हवं होतं. प्रत्येक फॉर्मवर मी माझ्या हातानं लाल शाईत क्रमांक घातला, पेटीला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात ठेवली. शिकाऊ मुली सहा होत्या. त्यांचे अर्धे गुण या फॉर्मांवर ठरायचे होते.

दोन आठवड्यांनी पेटी उघडली. पाच मुलींचे आकडे असायला हवे तसे होते, कुणी बरी, कुणी बेताची. सहावी मनस्वी, देवरूखच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतली. लेखी परीक्षेत काठावर पास झालेली. तिला चौसष्ट पेशंटांपैकी चौसष्टांनी पैकीच्या पैकी गुण दिलेले. असं होत नाही हो. चौसष्ट माणसं साखर गोड आहे का, यावरसुद्धा एकमत होणार नाहीत.

उमाच्या जागी आलेल्या मथुराबाई तर चिडल्याच होत्या. "सर, ह्या पोरीचा हात थरथरतो. नाडी सापडत नाही तिला. फॉर्म तिनंच भरलेत, लिहून देते मी. काढून टाका हिला कोर्समधून."

"थांबा," मी म्हटलं, "अक्षर बघू."

अक्षरं चौसष्ट तऱ्हेची होती. पण पाचव्या प्रश्नाला उत्तर एकच. होय, एक बाई होत्या. होय, मोठ्या बाई मागे उभ्या होत्या.

"तुम्ही असता का खोलीत?" मी मथुराबाईंना विचारलं.

"मी? मी बाहेर औषधं देते. आत कोण असणार?"

चूक शोधणं हा माझा धंदाच. चौसष्टांतल्या एकाला गाठलं. हरिश्चंद्र, मूळचा बुरोंडीचा, मिरजोळ्याच्या एका कारखान्यात पहारेकरी. गेटवर खुर्ची दिलीन मला बसायला.

"बाई होत्या ना, सर. पोरीनं माझा हात धरलान, तर तिचाच हात लटलटत होता. मग त्यांनी मागनं तिच्या हातावर हात ठेवलानी. गरम हात. माझ्यापर्यंत ऊब आली."

"दिसायला कशा होत्या?"

"तोंड नाय बघितलं मी. चष्मा दोरीनं गळ्यात होता. नि घड्याळ उलटं, मनगटाच्या आतल्या अंगाला."

मी वहीत काही लिहिलं नाही. ते घड्याळ माझ्या कपाटात आहे. रोज सकाळी मी त्याला चावी देतो.

परत आलो तेव्हा मनस्वी आतल्या खोलीत एकटीच होती. इंजेक्शनच्या सुया उकळायचा डबा टेबलावर होता आणि ही पोर त्याच्या झाकणावर दोन्ही तळवे धरून उभी होती. दारातच माझे पाय थांबले. उमा असंच करायची. गार हातानं माणसाला शिवू नये म्हणायची.

"हे कुणी शिकवलं तुला?"

"बाईंनी."

"मथुराबाईंनी?"

"नाय. त्या दुसऱ्या." ती खाली बघून बोलत होती. "आधी जेवलात काय असं विचार म्हणाल्या, मग दुखणं विचार. त्या मागं असल्या की माझा हात नाय थरथरत, सर."

"नाव काय त्यांचं?"

"विचारलं नाय. मला वाटलं, इथल्याच असतील. एक वाजला की बाहेर बाकड्यावर बसतात. कुणीतरी न्यायला येणार असतं." मग तिनं हळूच विचारलं, "मला काढणार काय, सर? आईला सांगितलंय मी, पास होणार म्हणून."

मला तिच्याकडे बघवेना. खरं सांगतो, भीती नव्हती वाटली. हेवा वाटला. चौसष्ट परक्या माणसांना, कुणी कारकून, कुणी पहारेकरी, खोकला झाला म्हणून आलेली पोरंटोरं, त्या सगळ्यांना तो हात मिळाला होता. तीन वर्षांत मी एकदा स्वप्नातसुद्धा उमाला पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी पेशंट होऊन गेलो. शनिवार होता. इतर अकरा पेशंटांच्या मागे नंबर लावला. अकरा आणि मी, बारा फॉर्म मोजून पेटीशेजारी ठेवले होते.

"जेवलात काय, सर?" मनस्वीनं विचारलं.

"नाही."

तिनं माझं मनगट धरलं. मी डोळे मिटले. खिडकीबाहेर डोक्यावरच्या पाटीतून सुकं मासळं विकायला आलेल्या बाईची हाक, डब्यातल्या पाण्याचा बुडबुड आवाज, स्पिरिटचा वास. मी थांबलो. ये ना गं, मनात म्हटलं. एकदा तरी.

हात गार होता. थरथरत होता.

"बाई आहेत का?" मी डोळे मिटूनच विचारलं.

मनस्वी म्हणाली, "आज आत नाय आल्या, सर."

मी बाहेर येऊन फॉर्म भरला. खोटं लिहिणं मला जमत नाही. वाट पाहावी लागली, तासभर. आणखी कोणी खोलीत, नाही. स्पर्श, गार. लिहिताना अक्षर बिघडलं माझं.

एकला केंद्र बंद झालं. मथुराबाई घरी गेल्या. मी आत टेबलाशी पेटी उघडली आणि मोजलं. तेरा.

पुन्हा मोजलं. तेरा.

लाल क्रमांक असलेले बारा होते. तेराव्याला क्रमांक नव्हता. नाव नव्हतं, वय नव्हतं. सात प्रश्न कोरे. फक्त तिसऱ्यापुढे निळ्या शाईत लिहिलं होतं. र ला किंचित गाठ, काना लांब ओढलेला. अठरा वर्षं किराण्याची यादी ज्या अक्षरात माझ्या शर्टाच्या खिशात यायची, ते अक्षर.

किती वेळ वाट पाहावी लागली?

"अजून बाहेरच बसले आहे."

घड्याळात एक वाजून पाच मिनिटं झाली होती.

चौसष्ट फॉर्मांच्या गठ्ठ्यावर मी "माहिती खरी आहे, मुलगी पास" असं लिहून सही केली. तिचं काम माझ्यामुळे अडायला नको होतं. माझ्यामुळे थांबलेलं एक माणूस पुरे होतं.

मग पडवीत आलो.

बाकडं रिकामं होतं. उन्हाची तिरीप त्याच्या पायाशी आली होती. मी मधोमध बसलो, एकट्यानं बसायचं तसा. डावीकडे हात ठेवून बघितला, उजवीकडे ठेवून बघितला. लाकूड गार. "आलो गं," मी म्हटलं. "उशीर झाला. बेरीज जुळत नव्हती." काहीच झालं नाही. माझं मेलं नशीबच तसलं, म्हटलं, आणि रडलो.

मनस्वी आतून आली. दाराला कुलूप लावलं, ओढून बघितलं, पिशवी खांद्याला अडकवली. माझ्याकडे बघून घुटमळली.

"सर, जरा टोकाला सरका ना," ती म्हणाली. "बाई केव्हाच्या उभ्या आहेत. तुम्ही मधे बसलात."

मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे बघून हसली, ओळखीच्या माणसाकडे बघून हसतात तसं, आणि पायऱ्या उतरून एस.टी. गाठायला गेली.

मी सरकलो. आधी थोडा, मग अगदी टोकापर्यंत.

बाकड्याचं दुसरं टोक वर उचललं नाही.