चार सेकंदांची कोरी जागा

"इटालियनची ती जुनी पेटी आहे का हो? कॅसेटवाली?" मी ग्रंथालयाच्या काउंटरवर विचारलं, आणि माझ्या मागे कुणाच्या तरी हातातून पुस्तकांचा गठ्ठा धाडकन खाली पडला.

वळून पाहिलं, तर एक उंच, विस्कटलेल्या केसांचा माणूस पुस्तकं उचलायची सोडून माझ्याकडे बघत उभा. चेहरा पांढराफटक. मी काही इतकी सुंदर नाही, आणि इतकी भयानक तर मुळीच नाही.

"पुन्हा बोला ना काहीतरी," तो म्हणाला.

"काय बोलू?"

"एवढं पुरे," असं म्हणून तो खाली बसला आणि पुस्तकं गोळा करू लागला. मीही वाकले. काहीतरी बोलायला हवं म्हणून असेल, त्यानं विचारलं, "आजकाल कॅसेटवरून कोण शिकतं? ॲप आहेत ना ढिगानं."

"तीन झाली वापरून. पहिल्यावर मुकुट मिळतात. माझ्याकडे बावीस मुकुट आहेत आणि 'हत्ती दूध पितो' हे वाक्य आहे. दुसऱ्यावर खरीखुरी शिक्षिका असते, पण ती माझ्या शिंकेलाही छान म्हणते. तिसऱ्यावर नुसत्या शब्दांच्या चिठ्ठ्या."

"चिठ्ठ्या ठेवा, रोज दहा मिनिटं. व्याकरणाला एकच पुस्तक धरा. बाकी सगळं काढून टाका. आणि बोलायला माणूस शोधा."

"माणूस कुठून आणू?"

जाताना त्यानं कार्ड दिलं. कान तपासण्याचं केंद्र, दोन गल्ल्या पलीकडे. मी मनातल्या मनात त्याचं बारसं उरकून टाकलं... कानवाला.

मी चष्म्याच्या फ्रेम हातानं घासून घडवते. इटलीतली एक कार्यशाळा दर वर्षी बाहेरचा एकच कारागीर घेते, दोन वर्षांसाठी. यंदा मुलाखतीपर्यंत मी पोहोचले होते. सहा आठवड्यांनी, पंधरा मिनिटं, सगळं इटालियनमध्ये. शिकायचं तर मिळालेला वेळ चुकीच्या साधनावर घालवून चालणार नव्हतं. दादा म्हणायचा, जमेल. वहिनी म्हणायची, हत्तीला दूध पाजून जमेल का?

पेटीतल्या कॅसेटची पद्धत साधी होती. बाई प्रश्न विचारते, मग चार सेकंद कोरी जागा. त्या जागेत आपण उत्तर द्यायचं. मग बाई पुस्तकात छापलेलं बरोबर उत्तर सांगते. दोन धडे सुरळीत गेले. तिसऱ्यात तिनं विचारलं, तुमच्या खोलीची भिंत कोणत्या रंगाची आहे? मी शब्द आठवत होते, तेवढ्यात कोऱ्या जागेत एक पुरुष हळूच म्हणाला, "हिरवी."

माझी भिंत हिरवीच आहे.

आधी कुणीतरी चुकून त्यावर आवाज भरला असेल, असं मी स्वतःला समजावलं. बाईचा पुढचा प्रश्न आला, तुमच्या हातात काय आहे? पुन्हा तोच पुरुषाचा आवाज, जरा घोगरा, माझ्या उजव्या खांद्यामागे बसल्यासारखा. "पेन्सिल. टोक मोडलंय." मी हाताकडे पाहिलं. टोक मोडलेलं होतं. मी घाईघाईनं बटण दाबलं आणि खोलीतून बाहेर आले. सकाळचं ऊन ओट्यावर पडलं होतं आणि वहिनी भांडी पुसत होती.

"कुणाचा आवाज ऐकलास का गं आत?"

"तुझाच. एकटीच बडबडत होतीस की."

पण तो आवाज मी ओळखला होता. 'एवढं पुरे' म्हणणारा.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी त्याच्या केंद्रात गेले. वाटलं होतं, तो हसेल. तो हसला नाही. त्यानं मला कान तपासायच्या खोलीत नेलं. जाड दार, भिंतींना स्पंज, आत गेल्यावर आपल्याच गिळण्याचा आवाज ऐकू येतो. कानांना हेडफोन लावून त्यानं माझ्या हातात एक बटण दिलं.

"तो बोलला की दाबा. मी काचेपलीकडे कॅसेट लावतो. कोऱ्या जागेत आवाज असला तर माझ्याकडे काटा हलेल." मग म्हणाला, "एक सांगतो. आपल्याला ऐकू येत नाही हे कळेल, या भीतीनं माणसं आवाज नसतानाही बटण दाबतात. खोटं नसतं बोलायचं त्यांना. ऐकायचं असतं, बस."

मी बटण नऊ वेळा दाबलं. काचेपलीकडे त्याचा चेहरा पुन्हा तसाच पांढरा होत गेला. तो आत आला आणि जमिनीवरच बसला.

"काटा?" मी विचारलं.

"नाही हलला. एकदाही नाही."

"म्हणजे मला वेड लागलंय."

"तसं असेल तर दोघांनाही लागलंय. गेल्या वर्षी ही पेटी माझ्याकडे होती. इटलीतल्या एका अभ्यासक्रमाला जायचं होतं, राहून गेलं. मला त्या जागेत एक बाई ऐकू यायची. शेवटी मी पेटी परत केली. आणि परवा ती बाई काउंटरवर उभी राहून कॅसेट मागत होती."

मी दाराकडे पाहिलं. तरी तोंडातून निघालं ते भलतंच. "काय बोलायची ती?"

"भूक लागलीये. चप्पल चावतेय. एकदा म्हणाली, कानवाल्यानं केस कापायला हवेत."

ते नाव मी कुणाकडेही उच्चारलं नव्हतं.

शहाण्या मुलीनं तिथून पळ काढला असता. मी रोज जाऊ लागले. मुलाखत जवळ येत होती आणि बोलायला माणूस मिळाला होता. तो गळ्यावर दोन बोटं ठेवून आवाज कुठून येतो ते दाखवायचा, आधी स्वतःच्या... मग विचारून माझ्या. चौथ्या आठवड्यात आम्ही 'तुम्ही'वरून 'तू'वर आलो. घरी एकटीनं कॅसेट लावली की तोच मला उत्तरं सांगायचा, आणि भीती कधी गेली ते मला कळलंच नाही. मी त्या चार सेकंदांची वाट बघायला लागले होते. खरं सांगायचं तर, प्रेमात पडले होते. नक्की कुणाच्या, समोरच्याच्या की कोऱ्या जागेतल्याच्या, एवढंच समजत नव्हतं.

मुलाखत झाली. दहा दिवसांनी निघा, असं पत्र आलं. मी धावत त्याच्याकडे गेले. तो खूश झाला, अगदी मनापासून. मी म्हटलं, "एकच धडा राहिलाय, विसावा. आज संपवू."

"तो काही गरजेचा नाही."

"काय लपवतोयस?"

त्यानं पुस्तक उघडून माझ्यापुढे धरलं. विसावा धडा, रेल्वे स्टेशन. प्रश्न, आपण एकट्याच प्रवास करताय का? खाली छापील उत्तर, हो, एकटीच.

"एकोणीस धड्यांत तू होतीस," तो म्हणाला. "यात नाहीस. त्या जागेत काहीच नाही. मी तीस वेळा ऐकलंय. तेव्हा वाटायचं, कॅसेट तिथे पुसली गेली म्हणून. आता वाटतं..." त्यानं वाक्य सोडून दिलं. "जा तू. जाऊ नको असं मी कधीच म्हणणार नाही. फक्त हा धडा माझ्यासमोर लावू नको."

"तुझ्यासमोरच लावणार," मी म्हणाले.

कान तपासायच्या त्या खोलीचं दार बंद केलं. एकच हेडफोन, त्याची एक बाजू माझ्या कानाला, दुसरी त्याच्या. बाहेर भर दुपार होती आणि आत आम्हा दोघांचे श्वास. बाईनं नेहमीच्या शांत सुरात विचारलं, आपण एकट्याच प्रवास करताय का?

एक सेकंद. मला त्याचा आवाज आला नाही. असं पहिल्यांदाच होत होतं. दोन सेकंद. आपणच बोलावं म्हणून मी तोंड उघडलं. हो म्हणायचं नव्हतं, आणि नाही कुणाच्या भरवशावर म्हणू?

तिसऱ्या सेकंदाला तो बोलला. मोठ्यानं, वाईट उच्चारात. "नाही. आम्ही दोघं आहोत." हेडफोनमधून की शेजारून, ते मला आजही सांगता येणार नाही.

मग बाईनं बरोबर उत्तर सांगितलं.

"नाही. आम्ही दोघं आहोत."

पुस्तक माझ्या मांडीवर उघडंच होतं आणि त्यात 'हो, एकटीच' छापलेलं होतं. त्यानं हेडफोन काढला. माझा हात त्यानं घट्ट धरला.

"तिकडे काय करशील तू?" मी कसंबसं विचारलं.

"कान काय, सगळीकडेच खराब होतात." तो हसला. "आणि हे बघ, ती म्हणाली म्हणून मी येत नाहीये. मी तिच्या आधी बोललो. लक्षात ठेव."

"ठेवते," मी म्हणाले.